बाबा थांबले

बाबांचा डोसा गार होत होता आणि ते त्याला हात लावत नव्हते.

एक विनोदी सिनेमा बघून आम्ही चौघं हॉटेलात आलो होतो. विधुर बाप पुन्हा प्रेमात पडतो, असली गोष्ट. सगळं थिएटर हसत होतं. मला मेलं एकदाही हसू आलं नाही, कारण शेजारी माझेच बाबा बसले होते आणि त्यांच्या पलीकडे सुधाताई, त्यांची नवी मैत्रीण.

"बाबा, सुरू करा ना."

"थांब गं, त्यांचं येऊ दे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आई जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली. बाबांच्या पानात तव्यावरची पोळी थेट पडायची. ती जेवायला बसेपर्यंत हे हात धुऊन पेपर उघडून बसलेले. मला वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस, याला थांबणं ठाऊकच नसेल. तेवढ्यावर मी त्यांना माफ करून टाकलं होतं. आता तीही सोय उरली नाही. येत होतं की यांना!

सुधाताईंची इडली आली, तेव्हा कुठे बाबांनी डोशाचा तुकडा मोडला. त्या दोघांचं ते गोड हसणं बघवेना, म्हणून मी नवऱ्याकडे वळले. निदान याला तरी माझा संताप कळेल.

माझा उत्तप्पा अजून यायचा होता. त्याचा डोसा संपला होता आणि तो वेटरला कॉफी सांगत होता.