हजेरीपटातील सुतक

मार्गशीर्ष वद्य तृतीया: मुंबईच्या इस्पितळात माझी कवटी उघडून मेंदूवरची सुपारीएवढी गाठ काढण्यात आली. जबाबदार: तेथील शस्त्रवैद्य, त्यांचा मी जन्माचा ऋणी.

माघ शुद्ध दशमी: ठाण्याच्या दिवाणी कचेरीत मी नकलनवीस म्हणून पुन्हा रुजू होण्यास गेलो असता मला घरी धाडण्यात आले. जबाबदार: कचेरीचे शिरस्तेदार, आणि काही अंशी इस्पितळाचा न्हावी.

न्हाव्याचा खुलासा आधी करतो. इस्पितळातून घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी त्याने कोणी न सांगता माझे डोके शेंडीसकट आणि वर मिशीही साफ केली. हाड काढलेल्या जागेवर सहा महिने पगडीचा भार नको, अशी वैद्यांची ताकीद होती. म्हणजे मी कचेरीत शिरलो तो बोडका आणि बिनमिशीचा. पण हात थरथरत नव्हता, अक्षर पूर्ववत झाले होते, आणि रजेचा तो शेवटचा दिवस होता. त्या दिवशी सही झाली नाही तर माझी अकरा वर्षांची जागा बदली कारकुनास कायमची मिळेल, असा लेखी हुकूम होता.

मला पाहताच शिरस्तेदार उभे राहिले.

"अरेरे! तीर्थरूप गेले वाटते?"

"छे! वडील घरी आहेत. आत्ता पूजेला बसले असतील."

शिरस्तेदारांनी बदली कारकुनाकडे पाहिले. कारकुनाने मान हलवली.

"बसले असतील, बसले असतील," शिरस्तेदार मला लहान मुलासारखे समजावू लागले. "तुम्ही आधी पाणी घ्या पाहू."

मी वडिलांच्या पूजेची वेळ सांगितली, त्यांनी सकाळी माझ्याशी घातलेला वाद सांगितला. प्रत्येक तपशिलागणिक सर्वांची कीव वाढत गेली. शेवटी मी हजेरीपट मागितला, तर शिरस्तेदारांनी तो छातीशीच धरला.

"सुतकात दौतीला हात लावू नका हो. आम्ही लिहितो."

आणि खरेच लिहिले: 'सुतकामुळे गैरहजर.'

ओटीवर कोलशेतचा एक मिठागरवाला आपल्या दाव्याच्या नकलेसाठी बसला होता. तो आत डोकावून ओरडला, "आवो, कोन मेला नाय! डोक्याव टाके बगा ना!" त्याला पट्टेवाल्याने बाहेर काढले. त्या दिवशी कचेरीत पुरावा पाहणारा इसम तो एकच.

दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे माझे वडील ठेवणीतली पगडी घालून कल्याणहून जातीने ठाण्यास आले.

"मी कधी वारलो, ते जरा सांगा," ते शिरस्तेदारांस म्हणाले. "चिरंजीव दिवस नीट करतात की नाही, ते बघायचं होतं."

शिरस्तेदारांनी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. सारी कचेरी हसली. मीही हसलो, हे कबूल करतो. पण मुदत टळली होती. माझी जागा गेली. मला नव्या नेमणुकीने सर्वांत खाली बसवले, आणि माझ्या जागेवरचा तो बदली कारकून स्वतःला वाचता न येणारे मोडी कागद घेऊन माझ्याकडेच येऊ लागला. चूक दुरुस्त व्हावी म्हणून मी नऊ अर्ज केले. उत्तर एकाचे आले: एकदा झालेली नोंद खोडता येत नाही.

वडील पुढे सात वर्षांनी वारले. तेव्हा मी रीतसर दहा दिवसांची रजा घेतली, आणि तीही त्याच कचेरीत नोंदली गेली. एका बापाची दोन सुतके सरकारदप्तरी आहेत.

शिरस्तेदार आता पेन्शनीत आहेत. रोज सायंकाळी तळ्याच्या पाळीवर फिरतात आणि मला पाहून वाट बदलतात. तसे करण्याचे कारण नाही. माझा त्यांच्याशी वैयक्तिक वाद नाही. माझी मागणी एवढीच आहे की, माघ शुद्ध दशमीस त्यांनी ज्याचे सुतक धरले त्या मृत इसमाचे नाव व गाव त्यांनी आपल्या सहीनिशी वर्तमानपत्रात छापून जाहीर करावे.