बसूच्या लेन्सवरचं दव

"सगळे तारे भाकरीएवढे झाल्यात! नऊशे फोटो, त्यात एक नीट न्हाय!" दुधनीच्या शिवारात बसवराज भल्या पहाटे स्वतःवरच ओरडत होता आणि मी शांतपणे थर्मासमधला चहा ओतत होतो.

ही गोष्ट मी सोलापूरभर सांगितलीय. दव असलं पडलं, की कोल्हे छत्र्या घेऊन हिंडत होते! लोक पोट धरून हसतात. पण दोन हातांवरचा माझा कॅमेरा कोरडा कसा राहिला, हे कुणी विचारत नाही. खरं काय ते बायकोलाही सांगितलेलं नाही — तुम्हाला सांगतो.

सात रस्त्याला आमचं भागीतलं दुकान, लग्नाच्या व्हिडिओंचं. अमावास्येला मात्र आकाशाचा टाइमलॅप्स — रात्रभर फोटो काढायचे, जोडायचे, अर्ध्या मिनिटात सगळी रात्र फिरवायची. कॅमेरा दोघांचा एकाच जातीचा. तरी बसूचं आकाश श्वास घ्यायचं, आणि माझं? मांडवाच्या कापडाला टिकल्या डकवल्यासारखं. माझ्यासमोर लोक म्हणायचे, बसूचं लावा की. किती वेळा ऐकायचं?

त्या रात्रीचं आकाश त्याच्या वडिलांसाठी होतं. आबांनी ज्वारी राखत उभी हयात त्या रानात उघड्यावर झोपून काढली; आता अर्धांगानं खाटेवर. त्यांना तेवढं एकदा बघायचं होतं. पुढची अमावास्या ते बघतील असं कुणालाच वाटत नव्हतं. आणि माझे वडील? माझा एकही व्हिडिओ त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नाही. बसूलाच सगळं का?

लेन्सची कडी फिरवत तारा टाचणीच्या टोकाएवढा दिसला, की ती चिकटपट्टीनं जखडायची, ही आमची रीत. मग आळीपाळीनं झोप. माझी पाळी आली, बसू घोरायला लागला, आणि मी — त्याच्या लेन्सची पट्टी सोडवली. कडी तिळभर फिरवली. पट्टी होती तशीच लावली, वरून अंगठा फिरवला. वाईट वाटलं म्हणू? नाही. बरं वाटलं.

तर पहाटे मी म्हणालो, दव रे, दुसरं काय. बसूनं लेन्सवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. बोट कोरडं होतं. मग माझ्या कॅमेऱ्यावर वाकून एकेक फोटो बघत राहिला.

"तुझं आलंय की नीट," तो म्हणाला. "तेच दाखवू आबांना."