अक्कांची न झालेली चूक

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. माझ्या थोरल्या जाऊबाई, साऱ्या साखरा गावाच्या अक्का. तेराव्याला ओसरीवर बायका हळहळत होत्या, "गवत वळखावं तर अक्कानं. एकदाच चुकली बिचारी." मी चहाचे रिकामे कप उचलून आत गेले. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

ती चूक बारा वर्षांपूर्वीची. विहिरीच्या कडेला बरू गवताचं बेट माजलं होतं. पान ज्वारीसारखं, मधली शीर पांढरी, जमिनीत पेरापेरांची जाड मुळं. वरून वाळलं तरी खालून पुन्हा फुटणारं. मी वनस्पतिशास्त्र शिकवणारी. भिंग काढून नाव बरोबर सांगितलं, वर हेही ऐकवलं, की पूर्वी हे चाऱ्यासाठी मुद्दाम लावत. अक्का म्हणाल्या, "लावत असतील. पण पाऊस उघडलाय, पानं सुकून राहिली. आता हात लावू नको, मंगल. जनावराला किरळ लागती." कोवळ्या, सुकलेल्या ज्वारीत आणि तिच्याच जातीच्या बरूत विष तयार होतं, तीच ही किरळ, हे मी स्वतः वर्गात शिकवत होते. तरी हसले. यांना काय कळतंय, असं मनात आलंच, खोटं कशाला बोलू?

दुपारी अक्का जवळच्या गोरेगावच्या बाजाराला गेल्या. चारा संपला होता. मी बरूची पेंढी कापून तांबड्या गाईपुढे टाकली. ती चवीनं खात होती... हात धुऊन येते तोवर तिचे पाय लटपटू लागले, तोंडाला फेस आला. अक्का जीपमधून उतरून आल्या तेव्हा ती आडवी झाली होती. त्यांनी गव्हाणीतली पानं पाहिली, मग मला पाहिलं. एवढ्यात अक्कांचे यजमान, भावजी, धावत आले. अक्का म्हणाल्या, "माझ्याच हातून झालं. घाईत चाऱ्याचं कुंदा गवत समजून कापलं."

कुंदा आणि बरू! डोळे मिटून नुसत्या हातानं त्यांनी ते वेगळे केले असते. पुढे एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तू पोरांना शिकवतीस. तू चुकलीस म्हणलं की तुझं कोण ऐकंल?" मी ते निमूटपणे घेतलं.

मागच्या आठवड्यात साखऱ्याला गेले. तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. दरवर्षी खणूनही ते बेट वीतभर वर आलं होतं, आणि पलीकडे गाय हिरव्याच्या वासानं दावं ताणत होती. पुतण्याची बायको सुनीता विळा घेऊन उभी. "काकू, सासूबाई हे चाऱ्याला कापू द्यायच्या न्हाईत. पण त्या एकदा चुकल्याच होत्या न्हवं? तुमी शिकलेल्या. तुमी व्हय म्हणा, कापते."

"अक्का चुकल्या नव्हत्या," मी म्हणाले. "ती गाय मी मारली."

तशीच घरात गेले. भावजी अक्कांच्या रिकाम्या खाटेच्या दोऱ्या आवळत होते. त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"ठाऊक हाय मला. कुंद्याला ती चुकती व्हय? तुमी कधी सांगता, याची वाट बघत होती ती."