पिवळ्या अळंबीची जागा

परवा पाऊस पडून गेला होता आणि आज ऊन पडलं होतं; अळंबी उगवायचा हाच दिवस. नेमका असाच दिवस बघून शेजारच्या सोलांजनं म्हाताऱ्या एव्हारिस्तला ग्रेनोबलला न्यायचं काढलं. तिथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"चला हो काका, एकदा त्या बुडबुड्यांत बसून बघा." तारेवरून किल्ल्यावर जाणाऱ्या काचेच्या गोल पाळण्यांना सगळे बुडबुडेच म्हणत.

"आणि तुझा फिर्मँ?"

"त्याची पाठ धरलीय. घरीच आहे."

नवरा घरी, जंगल गावाला लागून, आणि आपण दिवसभर शहरात. एव्हारिस्त नाइलाजानं गाडीत बसला.

त्या गावात घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवतात, पण अळंबीची जागा पोटच्या पोरालाही सांगत नाहीत. एव्हारिस्तला ती आईनं दाखवली होती, तीही मरणाच्या आदल्या वर्षी. त्याचं लग्न झालं नव्हतं. गाईही विकल्या होत्या. पण ऑगस्टात अख्खा गाव त्याच्या दारात अळंबीचा वाटा मागायला येई.

पाळणा नदीवरून वर चढला. सोलांज म्हणाली, "तुमचं जंगल त्या कड्यामागे."

"माझं कुठलं जंगल?" तो चमकला.

खाली उतरल्यावर बाजारात एका पोरीपुढे पिवळ्या अळंबीचा ढीग होता.

"कुठली गं ही?"

"रानातली, आजोबा."

"कुणी आणून दिली? पाठ दुखणारा माणूस होता?"

"काका, काहीतरीच काय!" सोलांजनं त्याला ओढून नेलं. तिनं घेतलेल्या अक्रोडाच्या केकला त्यानं हात लावला नाही. "घरी चल," एवढंच म्हणाला.

गावात पोचताच तो कुरणातून सरळ जंगलात शिरला. एरवी कुणाला माग लागू नये म्हणून तो नेहमी लांबचा वळसा घेई. आज भानच नव्हतं.

शेवाळात सगळी अळंबी जशीच्या तशी होती. तो खाली बसून एकेक मोजू लागला.

मागे काटकी मोडली. धापा टाकत सोलांज आली, मागून वाकून चालणारा फिर्मँ.

"काका, असं पळतात होय! आम्ही घाबरलो ना..." बोलता बोलता तिची नजर पायाशी गेली. 

"आम्ही काही पाहिलं नाही," फिर्मँ म्हणाला.

"पाहिलंत." एव्हारिस्तनं खिशातून चाकू काढून सोलांजला दिला. "देठ कापायचा, उपटायचा नाही. बारकी राहू द्यायची. पुढच्या आठवड्यात बघायला येणार आहे मी."

"आम्हीही येऊ?" सोलांजनं विचारलं.

त्यानं दोघांकडे रोखून पाहिलं.

"माझ्याबरोबर," तो म्हणाला. "एकटं कधी नाही."