कामाच्या रकान्यात

शेलूबाजारच्या मावशीचं नाव आधी घ्यायला पाहिजे, पण छापील कागदावर आपलं नाव आलेलं तिला चालायचं नाही, म्हणून नुसतं मावशी म्हणते. मावशी रेजा. विटा, वाळू, गिट्टी डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला तिकडे रेजा म्हणतात. तिनं माझ्यासाठी जे केलं ते आठवलं की अजून मला एका जागी बसवत नाही.

माझं गाव सांगोल्याकडचं. चौथीत शाळा सुटली आणि लग्नानंतर नवऱ्यामागं बांधकामावर फिरत फिरत वाशीम जिल्ह्यात आले. हायवेलगत दुकानांची रांग बांधायची होती. तिथं येऊन महिना झाला न झाला तोच नवरा परांचीवरून पडला. पाय मोडला, तो गावी गेला. मी कामावर राहिले.

पोरगी गावी सासूजवळ. दहावी झाली होती, पुढं शिकायचं म्हणून अडून बसली होती. नोंदणी झालेल्या बांधकाम कामगाराच्या लेकरांना शिकायला सरकारी मदत मिळते, हे मला मावशीनं सांगितलं. त्यासाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा ग्रामसेवकाचा दाखला लागतो. नवऱ्याचे दिवस भरत नव्हते, माझे कधीच भरले होते. माझं नोंदणीचं कार्ड झालं तर पोरगी शिकणार, नाहीतर तिची शाळा माझ्यासारखी सुटणार.

सुट्टी टाकून दोघी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकानं अर्ज घेतला, पेन उघडलं आणि विचारलं, "काय काम करता?"

मी म्हणाले, "काही नाही, साहेब. घरीच असते. आमच्या मालकांना थोडी मदत करते."

एवढं बोलून मी मोकळी. आमच्याकडं बाई मजुरीला जाते म्हणणं म्हणजे नवऱ्याला कमीपणा. दवाखान्यात, पोरीच्या शाळेत, जिथं विचारलं तिथं मी हेच सांगत आले होते. तोंडाला सवय झाली होती.

ग्रामसेवकानं पेनचं टोपण लावलं. "घरी राह्यणाऱ्यायसाठी नाही हे, बाई. कामगारायसाठी हाय." अर्ज माझ्या हातात परत आला.

बाहेर आले तर मावशी दारातच उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काहून वं, घरीच रायते म्हणे. मंग रोज माह्यासंगं घमेलं उचलते ते कोन, तुही सावली?"

"मावशी, चुकून गेलं तोंडातून."

"मंग त्याच तोंडानं सुधर. चाल."

माझा दंड धरून ती थेट टेबलापाशी. "साहेब, इले पुन्हा विचारा."

"मावशी, तुमी वकील कधी झाल्या?"

"वकील नाई झाली. वकिलाच्या घराच्या विटा वाह्यल्या. विचारा इले, कामाचं विचारा."

ग्रामसेवक हसला. मग मागं रेलून म्हणाला, "बरं, सांगा. माह्या घराच्या बाहेरच्या भिंतीले प्लास्टर केलं, तर तडे जाऊन राह्यले. काहून?"

हा प्रश्न आला आणि माझी भीती कुठं गेली कळलं नाही. "वाळू चाळली होती का? माती राहिली असेल. सिमेंट किती? चार घमेली वाळूला एक पाहिजे. आणि भिंत आधी भिजवली होती का? कोरडी भिंत सगळं पाणी ओढून घेते. नंतर सात दिवस पाणी मारलं का?"

"तीन दिवस मारलं."

"मग जाणारच तडे. आणि माल कालवून तासभर ठेवला असेल, मिस्त्री जेवायला गेला असेल. तो माल टाकूनच द्यायचा असतो, साहेब." मी थांबेचना. मावशीनंच कोपरानं ढोसलं, "बस कर माय, त्याहीचं घर पाडतं का आता?"

अख्खी खोली हसली. ग्रामसेवकानं टोपण काढलं. "आता सांगा, काय काम करता?"

"बांधकाम मजूर," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

दुपारी तो साइटवर आला, मिस्त्रीला विचारून माझे दिवस पडताळले आणि दाखल्यावर सही केली. पुढं महिनाभर मोबाइल वाजला की मी घमेलं खाली ठेवून आधी मेसेज बघायचे. नोंदणी झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी वाळूच्या ढिगावर उभी होते. मावशीला दाखवला. तिला वाचता येत नाही, तरी तिनं फोन दोन्ही हातांत धरून खालीवर पाहिला. "तुहंच नाव हाय ना? नवऱ्याचं तं नाई?"

"माझंच, मावशी."

पोरगी यंदा बारावीला आहे.

मावशीचं स्वतःचं कार्ड नाही. तिला हे सगळं कळलं तोवर तिची साठी उलटून गेली होती, आणि साठीनंतर नोंदणी होत नाही. तिच्या घरापुढचा ओटा फुटलाय. जन्मभर लोकांची घरं उभी केली, पण ओट्याला हात लावायला सवड मिळाली नाही. मी करून देते म्हटलं की म्हणते, "आधी पोरगी शिकव, मंग ये."

येणार, मावशी. वाळू मी स्वतः चाळणार, चाराला एक सिमेंट घालणार आणि सात दिवस तुझ्याकडंच राहून रोज पाणी मारणार. तू फक्त बसून बघायचं.