आधी पडदा

हॉस्पिटलच्या वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येक बाईला मावशीच म्हणतात. त्या गर्दीत वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून यांचं नाव पडलं होतं पडदा-मावशी. एकतीस वर्षं त्यांनी आजारी माणसांना ओल्या फडक्याने पुसून स्पंज केलं, कुशीवर वळवलं, लघवी-संडासची भांडी दिली-घेतली, आणि खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढल्याशिवाय कुणाच्या अंगावरची चादर कधी बाजूला केली नाही. रॉडवर कड्या खर्रकन सरकल्या की समजावं, मावशी कामाला लागल्या. एकदा मोठे डॉक्टर राउंडला आले आणि एका आजोबांचा सदरा वर करून विद्यार्थ्यांना पोट दाखवू लागले. मावशी मध्ये उभ्या राहिल्या. "आधी पडदा, साहेब. मग पोट." डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पडदा ओढला गेला. ही हकिगत मावशी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी ऐकवत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मावशींना एक वेडही होतं. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत टीव्हीवर हमखास लागणारा एक जुना सिनेमा. त्यात गाडी चुकलेला बाप कोसन् कोस पायी चालत घरी पोचतो, आणि दार वाजवायच्या आधी खिडकीच्या काचेला नाक लावून आत जेवत बसलेल्या पोरांकडे बघतो. तिथे सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी येतं. मावशी तो ड्यूटी रूममधल्या छोट्या टीव्हीवर बघत आल्या होत्या, तेही एका भांड्यापासून दुसऱ्या भांड्यापर्यंत वेळ मिळेल तेवढाच.

या वर्षी त्यांना सलग तीन दिवस सुट्टी मिळाली आणि भाचीने सिनेमातलं ते घर कुठल्या गावात आहे ते शोधून काढलं. मोटारीने सहा तास. मावशींचे यजमान बसवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. "घर बघायला सहा तास? आपलं घर आहे की, बसल्या जागी बघ," असं म्हणाले खरे, पण आदल्या दिवशी चारही चाकांची हवा तेच तपासून आले. वाटभर भाची मागून रस्ता सांगत होती, आणि डावीकडचं वळण मागे पडलं की मग "डावीकडे" म्हणत होती. मावशींनी डब्यातल्या पोळ्या वाटल्या. इतक्या खुशीत त्या कित्येक वर्षांत नव्हत्या.

घर साध्या गल्लीत होतं. सिनेमात दिसतं त्याच्या निम्मं. फाटकावर पुठ्ठ्याची पाटी टांगलेली: 'हे घर आहे. इथे माणसं राहतात. फोटो बाहेरूनच काढा.' मावशींनी ती वाचली. हे सांगायलाच हवं, कारण वाचलीच नव्हती असं त्यांनी पुढे स्वतःला किती वेळा पटवून पाहिलं.

"मावशी, एकच फोटो. नाक लावून," भाची म्हणाली. "सगळे काढतात. तुझा फोन दे."

"अगं, पाटी..." यजमान म्हणाले.

"मिनिटात येते," म्हणत मावशी फाटकातून आत शिरल्यादेखील.

त्यांनी काचेला नाक लावलं. श्वासाने काच धुरकट झाली. आतलं काही दिसेना, म्हणून त्यांनी स्वेटरच्या बाहीने काच गोल पुसली आणि फोटोसाठी हसत आत पाहिलं.

आत जेवणाचं टेबल नव्हतं. दांड्यांची लोखंडी खाट होती. खाटेवर एक म्हातारे गृहस्थ कुशीवर होते, कमरेखाली उघडे, आणि एक बाई ओल्या फडक्याने त्यांना पुसत होती. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. त्यांना मावशी दिसल्या. वळता येत नव्हतं, पांघरूण ओढता येत नव्हतं. त्यांनी फक्त डोळे मिटले.

ते डोळे मिटणं मावशींच्या ओळखीचं होतं. पडद्याला फट राहिली की वॉर्डातली माणसं असेच डोळे मिटतात.

"हसत राहा," मागून भाची म्हणाली.

मावशींची कानशिलं तापली. तसंच निघून जाणं सोपं होतं, पण पाय उचलेनात. त्यांनी दार वाजवलं. आतली बाई हातमोजे न काढताच आली.

"चुकलं माझं," मावशी म्हणाल्या. "मी आत बघितलं."

"पडदा सकाळी बाबांकडून खराब झाला," बाई सांगू लागली, जणू चूक तिचीच होती. "वाळत घातलाय. उजेडाशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून खाट खिडकीशी."

मावशींना ऐकवेना. "मी हॉस्पिटलात हेच काम करते हो, एकतीस वर्षं. चादर बदलायची असेल तर हात लावू का?"

बाईने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आवाज चढवला नाही.

"मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं," ती म्हणाली आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर यजमानांनी एकही थट्टा केली नाही. तेच मावशींना फार लागलं. त्यांनी भाचीला फोटो काढून टाकायला सांगितला, तर तिने जीभ चावली. "तुझ्या वॉर्डाच्या ग्रुपवर टाकला मी. सगळ्यांना दाखवायचा म्हणाली होतीस ना?" तिने तो तिथूनही काढून टाकला, पण तोवर अकरा जणींनी पाहिला होता.

सोमवारी चार नंबरच्या खाटेवरच्या आजींना स्पंज द्यायचा होता. मावशींनी पडद्याला हात घातला तेवढ्यात नवी मुलगी पाण्याचं घमेलं घेऊन आली.

"मावशी, फोटो का काढून टाकला? किती छान हसत होतात तुम्ही. आत काय दिसलं, सांगा ना."

काही नाही, असं म्हणता आलं असतं. शब्द ओठांवर होते.

"एक पेशंट होता," मावशी म्हणाल्या. "उघडा. आणि मी काच पुसून बघितलं."

मुलीचं हसू गेलं. शेजारच्या खाटांवरच्या माना इकडे वळल्या. मावशींची मान खाली गेली ती वर येईना. त्यांनी पडदा ओढला, कड्या सरकल्या.

आत फक्त आजी होत्या, आणि आजी त्यांच्याकडेच बघत होत्या. मावशींनी कोमट पाण्यात फडकं पिळलं. चादरीकडे गेलेला हात मध्येच थांबला.

"घेऊ का बाजूला?" त्यांनी विचारलं. एकतीस वर्षांत त्यांनी हे कुणालाच विचारलं नव्हतं.