नॉर्मन ॲस्पिनॉलचं डोकं

आमच्या थॉर्नशॉ टाउन फुटबॉल क्लबच्या दुकानात हल्ली चहाचे मग विकायला ठेवलेत. त्यावर नॉर्मन ॲस्पिनॉलचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत 'लोखंडी डोकं'. मी एक मग विकत घेतला आणि तिथंच दारात आपटून फोडला. काउंटरवरची पोरगी किंचाळली, "अहो आजोबा, हे काय करताय?" म्हटलं, "केरसुणी दे पोरी, माझी घाण मी भरतो." वाकून तुकडे गोळा केले, पण डोक्यातली आग काही विझली नाही.

चौदा वर्षं मी त्या क्लबचा पाणक्या होतो. आठवडाभर कागदाच्या गिरणीत घाम गाळायचा आणि शनिवारी बादली, स्पंज घेऊन मैदानाच्या कडेला उभं राहायचं. खेळाडू पडला की धावत जायचं. प्रथमोपचाराचं एक पुस्तक होतं माझ्याकडे, तेही अर्धंच वाचलेलं. पाय मुरगळला, गार पाणी. बरगडी दुखावली, गार पाणी. डोकं आपटलं, तरी तेच. पाण्यानं बरा होत नाही असा माणूस आमच्या साहेबांच्या लेखी खेळाडूच नव्हता.

साहेब म्हणजे फ्रँक थ्रेलफॉल, आमचा मॅनेजर. त्याच्या नावाचा कक्ष आहे आता क्लबमध्ये, शनिवारी तिथं बडी मंडळी मटणाचे पॅटिस खातात. म्हातारा एक्याण्णव वर्षं जगला आणि शेवटच्या दिवसापर्यंत नर्सना नावानिशी शिव्या घालत होता. डोकं शाबूत होतं त्याचं. का नसणार? चेंडू कधी डोक्यावर घेतला होता त्यानं?

नॉर्मन आला तो सहासष्ट साली, अठराव्या वर्षी. मैदानामागच्या कॅनॉल स्ट्रीटवर जन्मलेला, सूतगिरणीतल्या बापाचा पोरगा. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. खरं सांगायचं तर पायांत काही दम नव्हता. उजवा पाय बरा, डावा नुसता उभं राहायला. पण गोलासमोर चेंडू वरून आला की हा उडी मारणार म्हणजे मारणारच, आणि तो चेंडू डोक्यानं अर्ध्या मैदानापलीकडे धाडणार. थ्रेलफॉल म्हणाला, "बाकीच्यांना देवानं पाय दिलेत, पोरा. तुला डोकं दिलंय. तेवढं वापर."

वापरायला शिकवलं कसं, ते ऐका. प्रेक्षकांच्या लाकडी स्टँडखाली तुळईला दोर बांधून चेंडू टांगलेला असायचा. मंगळवारी आणि गुरुवारी नॉर्मननं त्याला शंभर वेळा डोकं मारायचं. आणि त्याआधी चेंडू बादलीत तासभर भिजत ठेवायचा. "पावसात खेळायचंय ना? मग चेंडूही पावसातलाच पाहिजे," थ्रेलफॉल म्हणायचा. भिजलेलं ते कातडं धोंड्यासारखं जड व्हायचं. बादली कुणाची? माझी. भरून कोण आणायचा? मीच. शंभर झाले की नॉर्मन भिंतीला टेकायचा आणि हसत म्हणायचा, "वॉल्ट्या, आज डोक्यात घंटा जरा जास्तच वाजतेय रे." मीही हसायचो.

आमच्याकडे एक रीत होती. कुणाच्या डोक्याला मार बसला की पाणक्यानं मानेवर स्पंज पिळायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. हे मैदान कुठलं? स्कोअर काय? शेवटचा गोल कुणाचा? तिन्ही उत्तरं बरोबर आली की माणूस ठीक. रेफरीला शंका आली तर तोही येऊन हेच तीन विचारायचा. एवढीच काय ती आमची डॉक्टरकी.

बहात्तरच्या मार्चमध्ये गार्सबीविरुद्ध सामना होता. त्यांचा धिप्पाड फॉरवर्ड आणि नॉर्मन, दोघांनी एकाच चेंडूवर उडी घेतली. टाळकी एकमेकांवर आदळल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. मी धावलो. नॉर्मन उताणा पडला होता, डोळे उघडे, पण बघत नव्हते. मानेवर पाणी ओतलं आणि विचारलं, "नॉर्म, कुठलं मैदान हे?"

तो म्हणाला, "शाळा सुटली का?"

कडेवरून थ्रेलफॉल बोंबलत होता, "ए पाणक्या, आरती काय ओवाळतोयस? उठव त्याला!" एक राखीव खेळाडू होता, पण त्याला उतरवणं म्हणजे साहेबांना कमीपणा. तेवढ्यात नॉर्मन थोडा भानावर आला आणि माझी बाही घट्ट धरली. "वॉल्ट्या, सांग ना रे. मला बाहेर काढतील. सांग ना." रेफरी चालत येत होता. मी वाकलो आणि त्याच्या डाव्या कानात पुटपुटलो, "आपलंच मैदान. एक-शून्य, आपण पुढे. गोल बिलीचा."

रेफरीनं विचारलं, त्यानं पोपटासारखी उत्तरं दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेल्या वेळात त्यानं दोन गोल डोक्यानं वाचवले. आणि नंतर खोलीत बूट सोडताना मला विचारलं, "मॅच कधी सुरू होणार?" सगळे खो खो हसले. मी तर सगळ्यांत मोठ्यानं.

पुढं तो आमच्या दोघांचा धंदाच होऊन बसला. मी बादली घेऊन पोचायचो, तो डोळा मारायचा आणि डावा कान माझ्याकडे करायचा. किती वेळा? वीस? तीस? देव जाणे. मला वाटायचं, मी दोस्ती निभावतोय. दोस्ती कसली, गोड बोलून गळा कापत होतो मी त्याचा!

एक्याऐंशी साली क्लबनं पत्र पाठवून त्याला मोकळं केलं. समोर येऊन सांगायची कुणाची छाती झाली नाही. मग तो पोस्टमन झाला, वीस वर्षं इमानानं चिठ्ठ्या वाटल्या. पन्नाशी ओलांडली आणि कॅनॉल स्ट्रीटची पत्रं मिल स्ट्रीटवर जायला लागली. ज्या गल्लीत जन्मला तीच गल्ली सापडेना. लोक पबमध्ये थट्टा करायचे, "लोखंडी डोक्याला गंज चढला वाटतं!" आता तेच लोक त्याच्या चित्राचे मग विकत घेतात. लाज कशी वाटत नाही यांना?

गेली चार वर्षं त्याची बायको ब्रेंडा एकटी सगळं ओढतेय. तिची पंचाहत्तरी उलटली. हा भल्या सकाळी शर्टावर शर्ट चढवून मैदानाकडे निघतो. एकदा मोठ्या रस्त्यावर मधोमध चालताना ट्रकवाल्याला सापडला. ब्रेंडाला फक्त एवढंच हवं होतं, की दिवसा कुणी जाणतं माणूस घरी यावं, म्हणजे तिला निदान डोळा मिटता येईल. नगरपालिकेनं सांगितलं, आधी डॉक्टरकडे स्मरणाची परीक्षा, मग मदत.

गेल्या ऑक्टोबरात मीच त्याला घेऊन गेलो, कारण माझ्याबरोबर तो मुकाट येतो. ब्रेंडा बाहेर फॉर्म भरत बसली. मी त्याच्या डावीकडे बसलो. तरुण डॉक्टरीणबाई कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, "मिस्टर ॲस्पिनॉल, हा महिना कुठला?" नॉर्मननं डोळा मारला आणि डावा कान माझ्याकडे केला.

आणि मी सांगितलं. अक्कल गहाण ठेवली होती का, काय झालं होतं मला, कोण जाणे. तोंड आपोआप हललं. महिना, वार, गावाचं नाव, सगळं पुटपुटलो. तो धडाधड उत्तरं देत गेला. बाहेर आलो तेव्हा माझी छाती फुगली होती. "ब्रेंडा, पास झाला बघ पठ्ठ्या!"

ती पायरीवर मटकन बसली. "काय केलंस तू हे, वॉल्ट? कुणी सांगितलं होतं तुला?"

आठवड्यात पत्र आलं: सध्या मदतीची गरज दिसत नाही.

जानेवारीत ब्रेंडा चहाचा ट्रे घेऊन जिन्याशी आली. नॉर्मनला तिथं कोण दिसलं कुणास ठाऊक, कॉर्नरवरून घुसणारा फॉरवर्ड असणार. त्यानं खांदा घातला. ती चार पायऱ्या खाली आली आणि मनगट मोडलं. दवाखान्यात तिनं सांगितलं, पाय घसरला. मला मात्र खरं सांगितलं. मी म्हणालो, "त्याला कळत नाही गं."

"त्याला कोण दोष देतंय?" ती म्हणाली. "मी तुला देतेय. परत तारीख मिळालीय, मार्चमधली. त्याच्या शेजारी तूच बसायचंस, नाहीतर तो खुर्चीत टिकत नाही. पण ओठ हलवलास ना, तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

गेल्या मंगळवारी आम्ही गेलो. तीच खोली, तीच डॉक्टरीणबाई, तीच खुर्ची. ब्रेंडा प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन समोर बसली, नजर माझ्या तोंडावर.

"हा महिना कुठला, मिस्टर ॲस्पिनॉल?"

डोळा मारला त्यानं. कान आला माझ्याकडे. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"वॉल्ट्या," तो हळूच म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "वॉल्ट्या, अरे सांग ना!" माझी बाही धरली. म्हाताऱ्या हातात पकड तीच, बहात्तरची. "साहेब बघतायत रे. मला बाहेर काढतील. मला खेळायचंय." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दात ओठांवर इतके दाबले की रक्ताची चव आली.

डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे सरकवून मऊ आवाजात म्हणाली, "असू द्या. आपण आत्ता कुठे आहोत, ते सांगता येईल?"

त्यानं खोलीभर पाहिलं. खिडकी पाहिली, तिला पाहिलं. आणि विचारलं, "शाळा सुटली का?"

बाई लिहू लागली. लिहिता लिहिता तिनं ब्रेंडाला विचारलं, "असं कधीपासून होतंय?"

"चार वर्षं," ब्रेंडा म्हणाली.

"बावन्न," मी म्हणालो. माझा आवाज इतका चढला की बाई दचकली. "बावन्न वर्षं, डॉक्टर! लिहा. गार्सबीविरुद्धची मॅच, मार्च महिना. मी तिथं होतो. उत्तरं मीच सांगितली होती." मग दोर सांगितला, बादली सांगितली, डावा कान सांगितला, ऑक्टोबरसुद्धा सांगितला. तिनं सगळं लिहून घेतलं. ब्रेंडानं एकदाही मला अडवलं नाही.

येत्या सोमवारपासून रोज सकाळी एक बाई येणार आहे त्यांच्याकडे.

बाहेर पडताना मी नेहमीसारखा नॉर्मनच्या दंडाला धरायला गेलो. त्यानं हात झटकला आणि ब्रेंडाकडे वळून माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा पाणक्या काही कामाचा नाही," तो म्हणाला. "साहेबांना सांगून बदला याला."

"सांगते हं," ब्रेंडा म्हणाली, आणि चांगला हात पुढे करून तिनं त्याला पायऱ्या उतरवल्या. मी चार पावलं मागून चालत राहिलो.